मास्तरांनी चोरलेले दोन इंच

आयुष्यात मला मापात फसवणारा एकच माणूस निघाला, आणि आज मी धडधाकट आहे तो बराचसा त्याच्याचमुळे. म्हणून त्याच्याबद्दल लिहायला बसलो की आधी हात जोडावेत की आधी भांडण काढावं, हे मला ठरवता येत नाही. स्वभावाप्रमाणे आधी भांडण काढतो.

माझा धंदा लाद्यांचा. नव्वदच्या सुमारास विरारला फुलपाड्यात मी एक गाळा घेतला, तेव्हा आसपास माणसांपेक्षा इमारतींचे सांगाडे जास्त होते. त्याआधी मुंबईत एका गोदामात मी टाइल्सची खोकी उचलायचो. खोकी उचलता उचलता मालक गिऱ्हाइकाशी कसा बोलतो ते ऐकत गेलो, तेवढंच माझं शिक्षण. टाइल एक सूत कमी भरली म्हणून भरलेला ट्रक दारातून परत पाठवणारा माणूस मी. मला पाहिलं की बिल्डर आधी पाणी पितात आणि मग भाव काढतात. अशा मला या मास्तरांनी सहा वर्षं, दर वेळी, तोंडावर, दोन-दोन इंचांनी फसवलं.

मास्तर म्हणजे शिंपी. विरार पश्चिमेला जुन्या बाजाराच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन मशिनं, कापायचं एक मोठं टेबल, कोळशाची एक इस्त्री, आणि आरसा नाही. शिंप्याच्या दुकानात आरसा नाही म्हटल्यावर नवा माणूस चक्रावायचा. मास्तर म्हणायचे, “आरशात मानूस सोताला बघतो, कपडा नाय बघत. माज्याकडं कपडा बघायला यायचा.” मग ते स्वतः चार पावलं मागे जायचे, एक डोळा मिटायचे आणि सांगायचे, “बसला.” नाहीतर, “काढा.” या दोन शब्दांच्या मध्ये त्यांच्याकडे काही नव्हतं.

माणूस मूळचा कळंबचा. घर समुद्रावर, बाप मासेमारी करणारा, आणि याला बोटीवर उलट्या व्हायच्या. तीन हंगाम ओकून झाल्यावर बापाने त्याला वसईला एका शिंप्याकडे नेऊन बसवला. “बापानं मना जमिनीला शिवला,” असं ते सांगायचे. दुकान विरारला थाटलं तरी घर कळंबलाच. सकाळी सायकलने यायचे, संध्याकाळी सायकलने जायचे. गळ्यात टेप चोवीस तास. लग्नात टेप, मयतात टेप. एकदा कुणीतरी म्हणालं, मास्तर, निदान मयताला तरी काढून या. तर म्हणाले, “का? त्याला कापड लागत नाय काय?”

चहा कोरा आणि बिनसाखरेचा. इलास्टिकचा त्यांना भयंकर राग. लहान मुलाच्या चड्डीलासुद्धा ते इलास्टिक लावत नसत. “इलास्टिक म्हंजे खोटा साक्षीदार. कितीबी खा, तो म्हननार, सगळा बरोबर हाय.”

आता खोट्या साक्षीदाराला शिव्या देणारा हाच माणूस स्वतः काय करत होता, ते ऐका.

माप घेताना मास्तर आकडा मोठ्याने बोलायचे आणि स्वतःच वहीत लिहायचे. खांदा अठरा. हात चोवीस. कमर छत्तीस. मी छत्तीस ऐकून खुश. गोदामातून निघालो तेव्हा बत्तीस होतो, दुकान टाकल्यावर माणूस थोडा भरतो, ठीक आहे. पुढच्या दिवाळीला पुन्हा छत्तीस. त्याच्या पुढच्या वर्षी सदतीस. बायको म्हणायची, “अहो, सदतीस कसे? तुम्हाला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही.” मी म्हणायचो, मास्तरांनी टेप लावून सांगितलंय, तू डोळ्यांनी सांगतेस. टेप खरी की डोळे?

खरं सांगायचं तर नाडी बांधणं ही लहान गोष्ट होती. लादी बसवून झाली की खाली उकिडवं बसून नाण्याने ठोकून बघायची असते. आवाज पोकळ आला की खाली सिमेंटचा माल नीट भरला नाही असं समजायचं. माझ्या कानाला सगळे मिस्त्री घाबरायचे. पण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवनंतर मला उकिडवं बसता येईना. बसलो तर उठायला मिस्त्रीचा खांदा लागायचा. मग मी उभ्या उभ्याच “ठीक आहे, ठीक आहे” म्हणायला लागलो, आणि मिस्त्री माझ्यासमोर पोकळ लाद्या बसवायला लागले. दुपारी काउंटरवर झोप यायची. सौदा चालू असताना डोळा लागायचा. एका बिल्डरने तर त्याचा आकडा मी झोपेत असताना सांगितला आणि मी मान हलवली, असं तो आजही शपथेवर सांगतो. घोरण्यामुळे बायको मुलीच्या खोलीत झोपायला गेली. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या. आणि राग. राग माझा पहिल्यापासून आहे, पण आधी तो कामाला यायचा. आता तो बिनकामाचा यायला लागला.

डॉक्टरकडे मी गेलो नाही. कारण डॉक्टर हासुद्धा दुकानदारच, आणि दुकानदार पहिला भाव नेहमी चढा सांगतो, हे मला ठाऊक.

आता तो दिवस. शिंपी पॅंट शिवताना मागच्या शिवणीत जादा कापड दाबून ठेवतो, त्याला माया म्हणतात. गिऱ्हाईक जाडं झालं की शिवण उसवायची, माया सोडायची, पॅंट सैल. माझ्या चार पॅंटी दोन वर्षांत तिसऱ्यांदा पिशवीत घालून मी मास्तरांकडे गेलो. नेमके तिथे दोन बिल्डर बसलेले. दोघेही माझी गिऱ्हाइकं, आणि एकाशी सौदा अर्धा झालेला. मास्तरांनी पहिली पॅंट उलटी केली. दुसरी उलटी केली. चारही पॅंटी टेबलावर पालथ्या घातल्या आणि शिवणीवर बोट ठेवून म्हणाले, “शेट, माया सगळी खाल्ली तुमी. कापड थांबला. आता तुमी थांबा.”

एक बिल्डर इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसरा म्हणाला, “अहो, टाइल्सवाले आहेत ते. मध्ये एक पट्टी टाका, सिमेंट भरा, जॉइंट दिसणार पण नाही!”

मी चारही पॅंटी उचलल्या आणि एक मास्तरांच्या अंगावर फेकली. होय, फेकली. “शिवता येत नसेल तर दुकान बंद करा” म्हणालो. त्यांनी अंगावरची पॅंट काढली, घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. तो अर्धा सौदा नंतर मला पडत्या भावात करावा लागला, कारण ज्याच्या कमरेवर माणूस हसलेला असतो त्याच्या आकड्याला तो मान देत नाही. हे अजून आठवलं की माझे कान तापतात.

आठ महिने मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही. स्टेशनजवळच्या एका शिंप्याकडे जाऊ लागलो. तो गोड बोलायचा आणि पॅंट अशी शिवायचा की चालताना दोन पाय एकमेकांशी भांडायचे. मग चंदनसारला मोठ्या शोरूमचं ठरलं. खोकी उचलणाऱ्या माणसाचं काचेचं शोरूम. उद्घाटनाला सूट हवा, आयुष्यातला पहिला. बायको म्हणाली, “अहो, सूट कापणारा विरारात एकच माणूस आहे. तुमचा राग उद्घाटनानंतर ठेवा, कुठे पळून जाणार आहे का तो?”

गेलो. कापड टेबलावर टाकलं. मास्तरांनी ते चिमटीत धरून पाहिलं, म्हणाले, “कापड चांगला हाय.” मग टेप काढली नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

“माप घ्या,” मी म्हटलं.

“आदी रगताचा माप घेऊन या. मंग मी कमरेचा घेतो.”

“म्हणजे?”

“साकर, चरबी, काय काय असतं ते. चिठ्ठी आना डॉक्टरची. तवर मी टेप लावनार नाय.”

मी ओरडलो. शिंपी आहात की कंपाउंडर, असंही म्हणालो. मास्तरांनी माझा आवाज संपू दिला. मग फळीवरून एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही काढली आणि माझं पान उघडून समोर ठेवलं.

त्या वहीत कुणाचंच नाव नसायचं. माणसाच्या अंगाला जी खोड असेल ती लिहिलेली. “मान पुढे.” “डावा हात लांब.” माझ्या पानावर वर लिहिलं होतं, “उजवा खांदा खाली, वझं वाहिलेला.” मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं की खोकी मी उजव्या खांद्यावरून वाहायचो. विरारात मी शेठ म्हणूनच आलो होतो. तो शब्द वाचून माझा अर्धा आवाज बसला. उरलेला अर्धा खालचे आकडे वाचून गेला.

कमरेला दोन रकाने होते. एकात ‘बोललो’, दुसऱ्यात ‘खरा’. बोललो छत्तीस, खरा अडतीस. बोललो सदतीस, खरा एकोणचाळीस. शेवटची ओळ, बोललो एक्केचाळीस, खरा त्रेचाळीस. पलीकडे मांडीचा आकडा होता, आणि तो दर वर्षी उतरत होता.

“मास्तर, सहा वर्षं तुम्ही मला खोटं माप सांगत होतात?”

“सगळ्यांनाच सांगतो. आमच्या धंद्यात रीतच हाय ती. माज्या उस्तादानं शिकवला, कमर दोन इंच कमी बोलायची. गिऱ्हाईक खुश तर परत येतो. कापड खऱ्या मापानं कापायचा, बोलायचा खोट्या मापानं.”

“आणि आता काय झालं?”

“माजा एक दोस्त हाय गावात. शाळेपासूनचा. ऑफिसात कारकून होता. त्याची पॅंट मी नऊ वेळा सैल केली. तो मना म्हनायचा, मास्तर, तुज्यामुळं मना जाडा झाल्यासारका वाटतच नाय. मी हसायचो. मना वाटायचा, दोस्ताला बरा वाटतो ना, मंग झाला. आता त्याची पॅंट मी एका पायाची शिवतो. डावा पाय गुडघ्यापासून दुमडून टाका मारतो. साकरेनं पाय नेला.”

त्यांनी पानावर बोट ठेवलं.

“त्याच्या नंतर मी ही वही उघडून बसलो,” मास्तर म्हणाले. “ज्याची कमर वाढते आनि मांडी उतरते, तो माज्याकडं फार वर्सं टिकत नाय. कोन लकवा, कोन हार्ट, कोन पाय. मी डॉक्टर नाय. पन मापं माज्याकडं हायत. तुमचा पान त्याच्या पानासारका हाय, शेट. डिट्टो.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितला ना, आठ महिन्यांमागं. तुमी पॅंट फेकलीत.”

पॅंट फेकली होती, हे खरं. पण भांडण माझं याच्याही आधीचं आहे. तीन वर्षं आधी सांगितलं असतं तर? माझ्या डाव्या पायाची दोन बोटं आजही बधिर आहेत. चिमटा काढला तर कळत नाही. त्या दोन बोटांचा राग माझा मास्तरांवर आहे आणि तो मी सोडणार नाही. हे मी त्यांना तोंडावर बोललो आहे. ते म्हणाले, “बरोबर हाय. ठेवा राग.”

डॉक्टर मॅडमकडे गेलो ते सौदा करायच्या तयारीने.

“उपाशीपोटी साखर दोनशे बारा,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, आदल्या दिवशी लग्नाचं जेवण होतं. एकशे ऐंशी धरा.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “हा आकडा मी लावलेला नाही. तुमच्या रक्ताने दिलाय. आणि रक्ताला तुम्ही गिऱ्हाईक नाही, कमी-जास्त करायला.”

“बरं, साखरेचं तुमच्या मनासारखं करू. पण ब्लडप्रेशर जाऊ द्या, ते धंद्यामुळे आहे.”

“तुम्हाला वाटतंय साखर, दाब, चरबी आणि पोट ही चार वेगळी माणसं आहेत, एकेकाला बाजूला घेऊन पटवता येईल. ही एका घरातली चौघं आहेत. एकाला वाढलं की चौघं जेवतात. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात याला.” मग विचारलं, “तुम्हाला कुणी पाठवलं?”

“शिंप्याने.”

त्या लिहिता लिहिता थांबल्या. “कळंबचे? सायकलवाले? या वर्षातले तुम्ही तिसरे.”

चिठ्ठी घेऊन परत आलो तेव्हा मास्तरांनी ती वाचली नाही, इंग्रजी त्यांना येत नव्हतं. फक्त विचारलं, “हाय ना?” मी म्हटलं, आहे. मग टेप काढली, पोटाला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खरा आकडा मोठ्याने सांगितला. त्रेचाळीस. रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू गेला असेल.

“उद्घाटन कदी?”

“सहा महिन्यांनी.”

“सूट अडतीसचा कापनार.”

“वेड लागलंय का? एक्केचाळीसचा कापा.”

“अडतीस.”

“चाळीस. चाळीसला मी तयार आहे.”

“शेट, ही मच्छी नाय भाव करायला.”

“मास्तर, एकोणचाळीस. तुमचंही राहू दे, माझंही राहू दे.”

त्यांनी कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “एकोनचाळीस. पन माया ठेवनार नाय. एक सूतभर बी नाय.” आणि मी बोलायच्या आत कात्री चालवली. एवढं महागाचं कापड माझ्या डोळ्यांसमोर एका अशा माणसाच्या मापाने कापलं गेलं, जो मी नव्हतो.

त्या सहा महिन्यांबद्दल फुशारकी मारण्यासारखं काही नाही. गोळ्या चालू झाल्या. शोरूमचं काम बघायला फुलपाडा ते चंदनसार रिक्षा सोडून पायी जाऊ लागलो. सगळ्यात कठीण गेला चहा. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाबरोबर चहा प्यायला नाही तर सौदा बसत नाही, आणि दिवसाला दहा-बारा गिऱ्हाइकं. मी कोरा चहा घ्यायला लागलो तेव्हा एक जुना बिल्डर म्हणाला, “काय शेठ, साखर परवडत नाही का आता?” त्याला मी बाहेर काढला. नंतर बोलावूनही घेतला, तो भाग वेगळा. बायको नाचणीची भाकरी करायची आणि मी ती ट्रकचा माल तपासावा तशी उलटसुलट करून बघायचो. ती म्हणायची, “परत पाठवता येणार नाही, खा.”

दर पंधरवड्याला मास्तर टेप लावायचे. आकडा उतरला तर काही बोलायचे नाहीत. एकदा अर्धा इंच चढला.

“कोनाचा लगीन होता?”

“साडूच्या मुलीचं.”

“नवरी तुमीच होतात काय?”

दुकानातली सगळी माणसं हसली. यावेळी मी काही फेकलं नाही. थोडं हसलोसुद्धा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पॅंट चढवली तर बटण एका बोटाने लांब. मी चाळीसवर अडकलो होतो. मास्तरांवर खेकसलो, काहीतरी करा. ते म्हणाले, “काय करू? माया नाय. बटन उगडा ठेवा, पट्टा लावा, वर कोट हाय. लोक कोट बघतील. बटन लागला की नाय, ते तुमाला ठाऊक नि मना ठाऊक.” मे महिन्यातल्या उकाड्यात चार तास मी कोटाची बटणं लावून उभा होतो. सगळे म्हणत होते, शेठ, कोट काढा, घामाघूम झालात. मी म्हणत होतो, शोभा आहे, शोभा. मास्तर आले, कोपऱ्यात उभे राहिले. मी पेढ्यांचं ताट फिरवत त्यांच्यापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी एक पेढा घेतला आणि पेढ्याकडे गेलेल्या माझ्या हाताकडे बघत राहिले. मी हात मागे घेतला.

पुढे तयार कपड्यांची दुकानं आली, मास्तरांचं काम आटत गेलं. एकदा मी त्यांना म्हटलं, चंदनसारला माझ्या शोरूमच्या मागे खोली रिकामी आहे, मशीन तिथे आणा, भाडं नको. म्हणाले, “तुमच्याकडं सगळ्या लाद्या. पाय गार पडतील माजे.” मग एके दिवशी दुकानाला कुलूप दिसलं. मला सांगितलंही नाही. कळंबला जाऊन भेटलो तेव्हा वाळूत सायकल उभी होती आणि मास्तर ओसरीवर बसून त्या एका पायाच्या दोस्ताला पेपर वाचून दाखवत होते. मी आभाराचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी मध्येच विचारलं, “बोटं कशी हायत?” मी म्हटलं, दोन अजून बधिर. “राग हाय ना?” आहे. “मंग आभार कसले? एक काय ते ठेवा.” मी दोन्ही ठेवले आहेत. बायको पुन्हा आमच्या खोलीत झोपायला आली, मुलीला मी सायकल शिकवली, मिस्त्री पुन्हा माझ्या कानाला घाबरायला लागले. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांनी ऐकून घेतलं नसतं. म्हणून इथे लिहितो आहे.

पण मला खरं लिहायचं होतं ते उद्घाटनानंतरच्या तिसऱ्या महिन्यातल्या एका दुपारबद्दल.

काही कारण नव्हतं, सण नव्हता, समारंभ नव्हता. जेवण झाल्यावर कपाटातून ती सुटाची पॅंट काढली आणि चढवली. बटण लागलं. मी तसाच घराबाहेर पडलो. वर घरचा जुना शर्ट, खाली सुटाची पॅंट, पायात चपला. फुलपाड्यातून स्टेशन, पुलाच्या पायऱ्या न थांबता चढलो, न थांबता उतरलो, आणि गल्लीत शिरलो.

दुकानात मास्तर एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. चाळिशीचा माणूस, सफारी घातलेला, पोट टेबलाला टेकलेलं. टेबलावर त्याच्या दोन पॅंटी उलट्या पडल्या होत्या.

“मास्तर,” मी म्हटलं, “लागलं.”

“काय लागला?”

“बटण.”

मास्तरांनी वळून पाहिलं. चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटला. मी ताठ उभा. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आता श्वास सोडा, शेट.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बटण लावल्यापासून मी पोट आत ओढून चालत होतो. आता सोडावं तर बटण तुटून समोरच्या माणसाला लागेल, न सोडावं तर मास्तर बघतायत. हळूहळू सोडला. पोट बाहेर आलं, शिवणीला टेकलं, आणि तिथेच थांबलं. शिवण जरा कुरकुरली. बटण टिकलं.

“बसला,” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा त्या सफारीवाल्याकडे वळले. “तर साहेब, तुमाला सांगत होतो. कापड थांबला. आता तुमी थांबा.”

सफारीवाला लाल झाला. “मी काय तमाशा बघायला आलोय का इथे? दोन इंच सैल करायला सांगितलं तर हा उपदेश! हजार शिंपी आहेत विरारात.” पॅंटी बगलेत मारल्या आणि तरातरा बाहेर पडला.

मास्तर त्याच्यामागे गेले नाहीत. माझ्याही मागे ते कधी आले नव्हते. त्यांनी सुई उचलली आणि दोरा ओवायला लागले. दोरा तीन वेळा चुकला.

मी बाहेर आलो. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता, आणि एवढ्याशा चालण्याने त्याला धाप लागलेली मला मागूनही दिसत होती. मी धावलो. सुटाच्या पॅंटीत, चपला फटफटवत, भर दुपारी धावलो आणि त्याचा दंड पकडला.

“साहेब, थांबा. परत चला.”

“हात सोडा.”

“नाही सोडत. मी पण असाच गेलो होतो. आठ महिने वाया घालवले.”

“लोक बघतायत.”

“बघू दे. मला पण बघितलं होतं लोकांनी.”

“अहो, तुम्हाला काय कमिशन आहे का? कोण तुम्ही त्याचे?”

“गिऱ्हाईक,” मी म्हटलं, आणि दंड न सोडता त्याला दुकानाच्या पायरीपर्यंत घेऊन आलो.